पानाच्या बगलेतला डोळा: शेंडा मोडला, मग या फांद्या आल्या कुठून?

गच्चीवरची_तुळस

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये.

आमच्या बाल्कनीत कुंडीत कढीपत्ता आहे. चार वर्षांचा झाला, पण छडीसारखा एकटाच सरळ वर गेलेला. एकही फांदी नाही. गेल्या महिन्यातल्या वादळी पावसात वरच्या कठड्यावरची कुंडी कलंडली आणि त्याचा वीतभर शेंडा मोडला. मला फार वाईट वाटलं. झाड आता वाढायचं थांबणार असंच वाटत होतं. तीन आठवड्यांनी पाहते तर मोडलेल्या जागेच्या जरा खाली दोन बाजूंना दोन हिरवी टोकं! आज त्या बोटभर लांबीच्या फांद्या आहेत.

मुलगा चौथीत आहे. त्यानं विचारलं, "आई, या फांद्या आधी कुठे होत्या?" मी म्हटलं, आत होत्या. "आत म्हणजे कुठे?" यावर मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगावं. शेतकरी मंडळींनीही लिहा, तुम्ही हे रोज बघत असाल.

कृष्णाकाठ

ताई, तुमच्या मुलाला ऊस दाखवा. बाजारात मिळतो तो सोललेला नको, अख्खा. प्रत्येक पेरावर, जिथं पान चिकटलेलं असतं तिथं, मसुराएवढा टोकदार फुगवटा दिसेल. त्याला आम्ही डोळा म्हणतो. एका पेराला डोळा डाव्या अंगाला, तर पुढच्या पेराला उजव्या. उसाची लागण म्हणजे या डोळ्यांचीच लागण. एक डोळ्याचं, दोन डोळ्यांचं टिपरं कापायचं आणि डोळा बाजूला येईल असं सरीत दाबायचं. डोळा खाली गेला तर कोंबाला वळसा घालून वर यावं लागतं, उगवण मागं पडते.

तुमचा कढीपत्ता तेच करतोय. पान असेल तिथं त्याच्या बगलेत डोळा असतोच. फक्त उसासारखा तो नजरेत भरत नाही.

तीन डोळ्यांचं टिपरं लावलं की शेंड्याकडचा डोळा आधी फुटतो आणि बाकीच्यांना दाबतो. आणखी एक. लागणीनंतर पहिला जो कोंब येतो त्याला जेठा कोंब म्हणतात. बुडात दोन-तीन फुटवे दिसायला लागले की आम्ही तो जेठा मोडतो. पहिल्यांदा मोडताना हात थांबतो, कारण सगळ्यात जोमदार तोच असतो. पण तो गेला की बाजूचे फुटवे एकसारखे उठतात. तुमच्या बाल्कनीत वादळानं जेठाच मोडला म्हणायचा.

गच्चीवरची_तुळस

जेठा कोंब! किती नेमका शब्द आहे. पण मग डोळा इतकी वर्षं थांबला का? त्याला कोणी थांबवलं होतं?

निवृत्त_जीवशास्त्र

मी तीस वर्षं कॉलेजात हा विषय शिकवला. तरीही सूक्ष्मदर्शकाखाली शेंड्याचा उभा छेद पाहिला की आजही तितकाच आनंद होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फांदीच्या अगदी टोकाला, कोवळ्या पानांच्या घड्यांत लपलेला, पेशींचा एक लहानसा घुमट असतो. आकार बहुधा मिलिमीटरच्या एक-दोन दशांश. नववीच्या पुस्तकात 'प्ररोह विभाजी ऊती' म्हणून जे शिकतो ते हेच. इथल्या पेशी सतत विभागत राहतात. घुमटाच्या कडेला एक उंचवटा येतो, तो म्हणजे नवं पान. मग घुमट थोडा वर सरकतो आणि कडेला पुढचा उंचवटा येतो. पुष्कळ झाडांत दोन लागोपाठच्या उंचवट्यांमध्ये साधारण १३७.५ अंशांचा कोन पडतो, म्हणून वरून पाहिलं की पानं गोल जिन्यासारखी दिसतात. आणि प्रत्येक पान जन्माला येताना, त्याच्या आणि खोडाच्या बेचक्यात त्याच घुमटाचा एक इवला अंश मागे राहतो. तोच डोळा.

तेव्हा मुलाला सांगा, "आत" म्हणजे प्रत्येक पानाच्या बगलेत, त्या पानाच्या जन्मापासून. पान गळून गेलं तरी डोळा तिथेच राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं.

आता त्याला कोणी थांबवलं? शेंड्यानं. कोवळा शेंडा ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार करतो, ते खोडातून खाली वाहत राहतं आणि तोवर बाजूचे डोळे झोपलेले राहतात. १९३० च्या दशकात थीमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी घेवड्याच्या कुळातल्या रोपांचे शेंडे कापले आणि काही रोपांच्या कापलेल्या टोकावर ऑक्झिन लावलं. नुसत्या कापलेल्या रोपांचे डोळे फुटले, ऑक्झिन लावलेल्यांचे झोपून राहिले. मुळांकडून वर येणारं सायटोकायनिन याच्या उलट काम करतं, डोळ्याला उठवतं. पुढे २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या कामातून दिसलं की शेंडा कापल्यावर ऑक्झिनची पातळी खालच्या डोळ्यापाशी कमी होण्याआधीच तो डोळा हलू लागतो, कारण शेंडा ओढून घेत असलेली साखर आता त्याच्या वाट्याला येते. म्हणजे शेंडा नुसता हुकूम देत नव्हता, घासही उचलत होता.

कढीपत्त्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. ज्याला आपण कढीपत्त्याची डहाळी म्हणतो, ती डहाळी नाही. दांड्यासकट ते एकच संयुक्त पान आहे, आणि ज्यांना आपण पानं म्हणतो त्या त्याच्या पर्णिका. डोळा त्या पूर्ण दांड्याच्या बुडाशी असतो. पर्णिकांच्या बुडाशी तुम्हाला कधीच डोळा सापडणार नाही. आणि नुसते दांडे खुडत राहिलात तर शेंड्याची सत्ता तशीच राहते. झाड घनदाट हवं असेल तर शेंडाच खुडायचा.

मोगरा_वेडी

अगदी! माझ्या सासूबाई मोगऱ्याची फुलं संपली की कात्री घेऊन बसायच्या. तेव्हा मला ते निर्दय वाटायचं. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवरच येते, म्हणून जितके शेंडे जास्त तितकी फुलं जास्त, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सह्यभटका

वाचतोय. मॅडम, एक शंका. गावी चिंचेच्या खोडावर लहानपणी मी नाव कोरलं होतं, आता वाईट वाटतं त्याचं. वडील म्हणायचे, झाड वाढेल तसं नाव वर जाईल. तीस वर्षांनी गेलो तर नाव तिथेच, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. अक्षरं मात्र रुंद झालेली. हे याच घुमटामुळे का?

निवृत्त_जीवशास्त्र

हो, छान निरीक्षण. उंची फक्त टोकाशी वाढते. खालचं खोड एकदा तयार झालं की ते लांब होत नाही, सालीखालच्या पार्श्व विभाजी ऊतीमुळे नुसतं जाड होत जातं. म्हणून अक्षरं आडवी पसरली.

गवताची गोष्ट मात्र वेगळी. त्याची वाढीची जागा पानाच्या आणि कांड्याच्या बुडाशीही असते. म्हणून गाय वरचं गवत खाऊन गेली तरी तेच पातं खालून पुन्हा वर सरकतं. दूर्वांचा मंत्र आपण पूजेत ऐकतो, त्यात दूर्वेला कांड्याकांड्यातून फुटणारी, पेरापेरातून वाढणारी म्हटलं आहे. ज्यानं ते रचलं त्यानं जमिनीवर बसून दूर्वा नीट पाहिली होती, याबद्दल मला शंका नाही.

काडी_आणि_घड

तासगाव भागात आमची द्राक्षबाग आहे. हा धागा वाचून राहवलं नाही. आमचं सगळं वर्ष डोळ्याभोवतीच फिरतं.

आम्ही वर्षात दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. वेल जवळजवळ खरवडून काढायची, मग नव्या काड्या येतात. त्या काड्यांवर ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि मग घड दिसतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, घड ऑक्टोबरनंतर तयार होतो. तसं नाही. घड डोळ्यात तयार होतो एप्रिलच्या छाटणीनंतर चाळीस-साठ दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्येच. ऑक्टोबरमध्ये आपण फक्त त्याला बाहेर बोलावतो. म्हणून फळछाटणीआधी काडीचे डोळे प्रयोगशाळेत देऊन तपासून घेतात. कितव्या डोळ्यात घड आहे हे कळलं की काडी कुठे छाटायची ते ठरतं.

त्या डोळ्यात जी सूक्ष्म गाठ धरते ती सुरुवातीला ना घड असते ना बाळी. (बाळी म्हणजे वेल धरून ठेवणारा तो दोरीसारखा आकडा.) दोन्हींची सुरुवात एकच. त्या दिवसांत ऊन नीट मिळालं, काडी बेताच्या जोमाची राहिली तर गाठ घडाकडं वळते. ढगाळ हवा राहिली, वळवानं वेल माजली, जिबरेलिन (वाढीचं आणखी एक संप्रेरक) वाढलं की ती बाळीकडं वळते. आमच्याकडं त्याला "घड बाळीवर गेला" म्हणतात. हे शब्द ऐकले की घरात जेवण जात नाही. बागेत फिरताना कधी कधी अशी बाळी दिसते जिला दोन-चार मणी लागलेत. अर्ध्या वाटेवर तिचं मन बदललेलं असतं.

म्हणूनच आम्ही त्या काळात शेंडे खुडतो, सबकेन करतो (म्हणजे काडीचा शेंडा खुडून बगलेतून उपकाडी घेतो), वाढ रोखायला सायकोसिल आणि घडासाठी ६-बीए फवारतो. मॅडमनी सांगितलेलं सायटोकायनिन ते हेच. आणि ज्या जिबरेलिननं मे महिन्यात घड घालवला असता, तेच जीए फुलोऱ्यानंतर मणी लांब करायला आम्ही हातानं देतो. औषध एकच, वेळ वेगळी.

एका वर्षी मे-जूनमध्ये सलग ढग राहिले. डोळे तपासायला देण्याचा कंटाळा केला आणि नेहमीच्याच डोळ्यावर छाटलं. दोन एकरांत निम्म्या काड्या रिकाम्या निघाल्या. वडील काही बोलले नाहीत, नुसते बागेतून फिरून आले. तेव्हापासून एकही वर्ष तपासणी चुकवली नाही.

आणि हो, छाटल्यावरही शेंड्याकडचेच एक-दोन डोळे आधी फुटतात, तोच जेठेपणा. सगळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्ट डोळ्याला लावावं लागतं, हातमोजे घालून, जपून.

माडाखालचा

कोकणातून लिहितोय. माडाकडे बघा. त्याला फांदी का फुटत नाही? डोळे नाहीत म्हणून? डोळे आहेत, प्रत्येक झावळीच्या बगलेत एक. पण तो प्रत्येक डोळा पोय, म्हणजे फुलोरा, होतो. वर्षाला बारा-चौदा झावळ्या आणि त्यांच्या बगलेत जवळपास तितक्याच पोया. माडानं आपले सगळे डोळे फुलाला देऊन टाकलेत, फांदीसाठी एकही राखून ठेवलेला नाही. म्हणून गेंडाभुंग्यानं वरचा कोंब पोखरून मारला की माड संपला. तुमच्या कढीपत्त्यासारखी दुसरी संधी त्याला नाही. गेल्या पावसात आमचा आजोबांच्या हातचा एक माड असाच गेला. पोया दोन मोठ्या होत्या, पण पुढची झावळीच आली नाही.

आंब्याचं एक सांगतो, नव्यानं कलम लावणाऱ्यांसाठी. हापूसची काडी रायवळच्या रोपावर बांधतात. काडी घेण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं कापतात, देठ ठेवून. म्हणजे टोकाचा डोळा फुगतो आणि कलम पटकन जीव धरतं. पण कलमाच्या सांध्याखालीही रायवळचे डोळे असतात, ते मरत नाहीत. मी शहरात असताना एका कलमाला खालून जोरदार फूट आली, शेजाऱ्यांनी फोनवर कौतुकानं सांगितलं, मीही खूश झालो. दोन वर्षांनी गेलो तर वरचा हापूस वाळलेला आणि खालचा रायवळ डोक्याएवढा. सांध्याखालची फूट दिसली की त्याच दिवशी काढा.

प्रश्नचिन्ह

सगळं पटतंय, पण पानफुटीचं काय? तिचं पान तोडून वहीत ठेवलं तरी कडेला रोपं येतात. तिथे तर बगल नाही, खोड नाही. मग डोळ्याचा नियम मोडला ना?

निवृत्त_जीवशास्त्र

मोडला, आणि म्हणूनच ती पाठ्यपुस्तकात आहे. पानफुटीच्या पानाच्या कडेला जे दाते असतात, त्यांच्या खाचांत पान लहान असतानाच विभाजी पेशींचा एक पुंजका राखून ठेवलेला असतो. पान झाडावर आहे तोवर तो झोपलेला, पान सुटलं की जागा होतो, मुळं सोडतो, पानं काढतो. इथे झाड डोळा बगलेत ठेवत नाही, पानाच्या काठावर ठेवतं. एवढाच फरक. जर्मन कवी गटे याला या झाडाचं मोठं वेड होतं. सगळं झाड म्हणजे पानाचीच रूपांतरं, असं तो १७९० मध्ये म्हणाला होता. फुलाच्या पाकळ्यांबाबत त्याचं म्हणणं पुढे बरंचसं खरं ठरलं.

आणि नियमाबाहेरचं दुसरं उदाहरण खुद्द कढीपत्ता. त्याच्या आजूबाजूला मातीतून जी पिल्लं उगवतात, ती बहुतेकदा मुळावर नव्यानं तयार झालेल्या डोळ्यांतून येतात. तिथे आधी कोणी राखून ठेवलेलं नसतं. योग्य ऑक्झिन-सायटोकायनिन मिळालं तर साध्या पेशीही पुन्हा डोळा घडवू शकतात. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या पेशींवर हे दाखवलं: ऑक्झिन जास्त तर मुळं, सायटोकायनिन जास्त तर कोंब. आज जळगावकडं केळीची जी ऊतिसंवर्धित रोपं लावतात, त्यांच्यामागे हेच ज्ञान आहे.

तापीकाठ

जळगावचं नाव आलं म्हणून लिहितो. केळीचं जे खोड दिसतं ते खोडच नाही, एकमेकांत गुंडाळलेले पानांचे देठ आहेत. खरं खोड जमिनीखालचा कंद. त्या कंदावरचे डोळे फुटतात ते मुनवे. लागणीचा घड कापला की त्यातलाच एक राखून पिलबाग, म्हणजे त्याच कंदावरचं पुढचं पीक, धरायची. मुनवा घ्यायचा तो अरुंद, तलवारीच्या पात्यासारख्या पानांचा. रुंद पानांचा लवकर मोठा दिसतो, पण कंदाशी त्याची पकड कच्ची असते.

माझा प्रश्न असा: मुनव्यानं, टिपऱ्यानं, कलमानं सगळं भागतंय, तर झाडाला फूल आणि बी हवंच कशाला? आमच्या केळीत तर बीच नाही.

सह्यभटका

केळीत बी बघायचं असेल तर पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यावर या. चवेणी, म्हणजे रानकेळ. उन्हाळ्यात नुसता कंद उरतो, पावसाला पानं फेकते. तिला मुनवे येत नाहीत. काही वर्षं साठवण करते, एकदाच फुलते, फळं पिकतात, आणि ती मरते. फळात गर कमी, हरभऱ्याहून मोठ्या काळ्या कठीण बिया जास्त. तुमची केळी पिलांवर जगते, ही बियांवर. कड्यावरच्या खाचेत पडलेलं एक बी हाच तिचा पुढचा जन्म.

कृष्णाकाठ

तापीकाठ, याचं उत्तर उसात आहे. टिपऱ्यातून आलेला ऊस म्हणजे तोच जुना ऊस, नवा नव्हे. एका रोगाला बळी पडणारा असेल तर शिवारच्या शिवार बळी पडतो. तुमच्या केळीतच झालंय ते. जगभर विकली जाणारी ग्रो मिशेल जात मर रोगानं गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत बाजारातून उठली.

नवा ऊस हवा तर तुरा, म्हणजे उसाचा फुलोरा, लागतो. आमच्या रानात तुरा आला की जीव खट्टू होतो, कारण शेंड्याचा घुमटच फुलात संपतो, उसाची वाढ थांबते, खालचे डोळे फुटून पांगशा येतात आणि साखर उतरते. पण कोइमतूरला १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र काढलं त्याचं एक मोठं कारण, तिथं ऊस मोकळेपणानं फुलतो. एका तुऱ्याचे पराग दुसऱ्यावर पाडायचे, धुळीसारखं बारीक बी गोळा करायचं, पेरायचं. प्रत्येक बी वेगळा ऊस. हजारोंतून एखादा निवडायचा. महाराष्ट्रात उसाच्या ज्या को ८६०३२ जातीनं एवढी शेतं व्यापली, तो असाच को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून निघाला. एकदा निवडला की पुढं पुन्हा टिपरंच. नवेपणा फुलातून, पसारा डोळ्यातून.

पांगशा मी आणखी एकदा पाहिल्या, २०१९ च्या ऑगस्टात. पुराचं पाणी उसावर आठवडाभर राहिलं. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, गाळ बसून शेंडे कुजले. पाणी उतरल्यावर सगळं शिवार चिखलाच्या रंगाचं, वास सहन होत नव्हता. आम्ही धरून चाललो की सगळं गेलं. पंधरवड्यानं बांधावर गेलो तर त्या कुजलेल्या उसांच्या अंगावर, पेरापेरावर, हिरवे कोंब. कारखान्याच्या दृष्टीनं त्या उसाचं मोल उरलं नव्हतं, बराचसा तोडून टाकावाच लागला. पण त्या दिवशी मी बांधावर बराच वेळ बसून राहिलो होतो.

निवृत्त_जीवशास्त्र

कृष्णाकाठ, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

एकच पुस्ती जोडते. शेंडा फुलाकडे कधी वळायचं हे पुष्कळदा पान ठरवतं. शेवंतीचं पान रात्रीची लांबी ओळखतं आणि रात्री मोठ्या झाल्या की शेंड्याकडे एक प्रथिन धाडतं. म्हणून पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून शेवंती लांबवता येते.

तुळसताई, मुलासाठी घरचा प्रयोग. एक कोबी आणा आणि देठाच्या बरोबर मधून उभा चिरा. कोबी म्हणजे एक प्रचंड कळी. मधला पांढरा भाग खोड, त्याच्या टोकाला शेंडा, बाजूनं पानं. पान जिथे खोडाला मिळतं त्या प्रत्येक बेचक्यात नीट पाहा.

गच्चीवरची_तुळस

आजच केला! कोबी चिरला आणि दोघं भिंग घेऊन बसलो. टोकाकडची पानं इतकी बारीक होत जातात की शेवटी दिसेनाशी होतात. आणि बेचक्यात खरंच डोळे आहेत! मोठ्या बाहेरच्या पानांच्या बगलेत तर वाटाण्याएवढे, त्यांना त्यांची स्वतःची घडी घातलेली पानं. एका अर्धुकात त्यानं अकरा मोजले. मग एक डोळा सुरीनं कापला आणि विचारलं, "आई, याच्या पानांच्या बगलेतपण असतील?" भिंगातून आम्हाला दिसले नाहीत.

आज भाजी झाली नाही. अर्धा कोबी पाण्याच्या बशीत खिडकीत ठेवलाय, तो कापू देत नाहीये.